बोरगव्हाणच्या फाटकावरचा धक्का

“गुन्हा कबूल आहे, साहेब,” लिंबाजी वाकळे म्हणाला, आणि सगळं आटोपलं अशा थाटात आरोपीच्या पिंजऱ्यातून खाली उतरायला लागला.

शिपायानं त्याला दंडाला धरून पुन्हा वर उभं केलं. न्यायाधीश उपासनी साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“काय कबूल आहे?”

“समदंच.”

“समदं म्हणजे काय? मी आत्ता वाचून दाखवलं ते कळलं का तुम्हाला?”

“व्हय. म्या फाटकवाल्या केरबामामाला धक्का दिला. किल्ली घेतली, फाटक उघडलं. तुमी काय शिक्षा द्यायची ती द्या, म्हंजी म्या मोकळा.”

“शिक्षा झाल्यावर माणूस मोकळा होत नसतो, वाकळे. केंद्र सरकारच्या नोकरावर हात टाकल्याचा आरोप आहे. दोन वर्षं आत जाल.”

“जातो की.”

हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की कोर्टात कुणाला हसूही आलं नाही. मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती. तिच्या मांडीवरची पोर नुकती बसायला लागलेली, आईच्या गळ्यातली पोत ओढत होती. ‘जातो की’ ऐकल्याबरोबर बाईनं मान खाली घातली.

उपासनी साहेबांची नजर वकिलांच्या बाकांवरून फिरत फिरत माझ्यापाशी येऊन थांबली. परभणी जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या कोर्टात तेव्हा मी एकटीच बाई वकील होते. सनद मिळून वर्ष झालं होतं आणि कामं फारशी नव्हती, त्यामुळे मी सतत समोर दिसायची.

“बाई, हे प्रकरण तुम्ही घ्या. तुम्ही त्यांच्याशी बोलेपर्यंत मी ह्यांची कबुली लिहून घेत नाही.”

बाहेर कोर्टाच्या ओसरीवर मी लिंबाजीला बसवलं. त्याची बायको पद्मिण खांबाला टेकून बसली. लिंबाजी पंचविशीतला, उंचापुरा, शांत माणूस. बारावी झालेला. एस.टी.च्या डेपोत हेल्पर म्हणून त्याची निवड झाली होती. हातात ऑर्डर पडायची तेवढी बाकी होती, आणि पोलिसांच्या चौकशीत ही केस निघाल्यामुळे ती अडकली होती. शिक्षा झाली असती तर सरकारी नोकरीचं दार कायमचंच बंद. हे सगळं त्याला पक्कं ठाऊक होतं.

“मग कबूल कशाला करता?” मी विचारलं.

“केलंय म्हणून.”

“काय केलंत ते नीट सांगा.”

त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं. पद्मिणचे दिवस भरले होते. दुपारी पोटात कळा सुरू झाल्या आणि सुईणीनं हात टेकले. मूल आडवं होतं, रक्त जायला लागलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, हाकायला चुलतभाऊ बसला. वाटेत बोरगव्हाणचं रेल्वे फाटक बंद. स्टेशनवरून फोन आला होता, पॅसेंजर सुटायची होती. पण गाडी येईना. बराच वेळ झाला तरी येईना.

“मग म्या उतरलो. मामाला म्हणलं, उघडा. ते म्हणले, न्हाई उघडता येत. मग म्या धक्का दिला. किल्ली घेतली. उघडलं.”

“धक्का कुठं दिला?”

“खांद्याला.”

“ते पडले?”

“न्हाई.”

“मग काय केलं त्यांनी? ओरडले? तुम्हाला धरलं?”

लिंबाजी थांबला. इथपर्यंत त्याला उत्तरं येत होती, पुढचं काही ठरवलेलं नव्हतं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

“काय करतील? म्हातारा माणूस.”

“असं न्हाई जी…” पद्मिण खांबापासून पुढं सरकली.

“तू गप्प बस,” तो म्हणाला. रागानं नाही, विनवल्यासारखं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, तुमी माझ्या वकील हाईत ना? मग येवढं करा. केरबामामाला उलटंसुलटं इचारू नका. ते जे म्हणतील ते खरं.”

आरोपी साधारणपणे वकिलाला सांगतो, साक्षीदार खोटारडा आहे, त्याला फाडून काढा. इथे उलटंच चाललं होतं. हा माणूस स्वतःवरचा आरोप हातातून निसटू नये म्हणून धडपडत होता. खरं सांगते, त्याला सोडवण्याची कळकळ मला नंतर आली. आधी आली ती उत्सुकता. असं काय असेल, की ज्याच्यामुळे आपण तुरुंगात जाणार त्याच माणसाला सांभाळून घ्या असं हा सांगतोय?

मी त्याला एका गोष्टीला मात्र राजी केलं. कबुली द्यायची नाही, खटला चालू द्यायचा. “तुम्ही तोंड उघडू नका. मी कायद्यातलं बोलेन,” मी म्हणाले. पद्मिणनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि तो ‘बरं’ म्हणाला.

त्या दिवसांत मी ते कलम इतक्या वेळा वाचलं की शब्द न शब्द डोक्यात बसला. लोकसेवक आपलं कर्तव्य बजावत असताना, किंवा ते त्यानं बजावू नये म्हणून, त्याच्यावर हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग केला, तर गुन्हा. वरवर पाहिलं तर सगळं स्पष्ट होतं. फाटकवाला म्हणजे लोकसेवक. फाटक बंद ठेवणं हे त्याचं कर्तव्य. धक्का म्हणजे बलप्रयोग. सुटायला फट कुठे नव्हती.

पण जुने निकाल वाचत गेले तसं मला दिसलं की कोर्टं ह्या कलमाच्या एकेका शब्दापाशी थबकलेली आहेत. लोकसेवक आहे एवढ्यानं भागत नाही, त्या घटकेला तो कर्तव्यावर होता का ते बघायचं. कर्तव्यावर होता एवढ्यानंही भागत नाही, त्याला रोखायचा हेतू होता का ते बघायचं. नुसती बाचाबाची पुरत नाही. आणि प्रत्येक बलप्रयोग ‘फौजदारीपात्र’ नसतो. गर्दीत माणूस माणसाला ढकलतो, पडणाऱ्याला आपण हात धरून ओढतो, तोही बलप्रयोगच. तो गुन्हा ठरायला त्याची व्याख्या वेगळी दिलेली आहे. समोरच्याच्या संमतीशिवाय, जाणूनबुजून, गुन्हा करण्यासाठी, किंवा त्याला इजा व्हावी, भीती वाटावी, त्रास व्हावा म्हणून केलेला असला पाहिजे.

इजा, भीती, त्रास. मी हे तीन शब्द तळहातावर लिहावेत तसे लक्षात ठेवले. ‘संमतीशिवाय’ हा शब्दही तिथंच होता, पण त्याच्यावरून माझी नजर घसरून गेली. मला धक्का दे, असं कोण म्हणतं?

केरबा सूर्यतळ साक्षीला आले ते रेल्वेचा निळा डगला इस्त्री करून घालून. बारीक चणीचे, पांढऱ्या मिशांचे, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. रेल्वेत त्यांचं कौतुकच झालेलं होतं. फाटक जबरदस्तीनं उघडलं जातंय हे पाहून ते लाल झेंडा घेऊन रुळावर धावले आणि त्यांनी गाडी थांबवली, मोठा अपघात टळला, असं त्यांच्या वरिष्ठांनी पोलिसांत दिलेल्या फिर्यादीत होतं. शपथ त्यांनी शब्द न शब्द सावकाश म्हटली. लिंबाजीकडे त्यांनी पाहिलं नाही.

सरकारी वकील काबरा अनुभवी होते. त्यांनी पाच-सहा प्रश्नांत काम उरकलं.

“त्या दिवशी आरोपीनं तुम्हाला धक्का दिला?”

“दिला.”

“फाटकाची किल्ली त्याच्या हातात होती?”

“व्हती.”

“फाटक कुणी उघडलं?”

“त्यानं.”

“गाडी यायची बाकी होती?”

“व्हय.”

इतकंच. एरवी साक्षीदार एका प्रश्नाला दहा वाक्यं बोलतात, साहेबांना त्यांना आवरावं लागतं. केरबामामा एकेक शब्द चिमटीत धरून खाली ठेवत होते.

मी उलटतपासणीला उभी राहिले. लिंबाजी पिंजऱ्यातून माझ्याकडे टक लावून पाहत होता.

“धक्का एका हातानं दिला की दोन्ही?”

“दोन्ही.”

“तुम्ही पडलात?”

“न्हाई.”

“खरचटलं, मुका मार लागला, काही?”

“काईच न्हाई.”

“धक्का देताना त्यानं शिवी दिली?”

“न्हाई.” मग आपणहून म्हणाले, “मामा म्हणला.”

“मामा म्हणून धक्का दिला?”

“व्हय.”

मागं कुणीतरी हसलं. काबरांनी भुवया उंचावल्या. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी लेखनिकाला सांगितलं, “लिहा. ‘आरोपीने मला मामा अशी हाक मारली.’”

“तो रागात होता?”

“न्हाई.”

“तुम्हाला त्याची भीती वाटली?”

“लिंबाजीची?” केरबामामांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “न्हाई. त्याची कशाची भीती?”

“तुम्हाला त्रास झाला?”

ह्या प्रश्नाला त्यांनी पुन्हा एकदा लिंबाजीकडे पाहिलं.

“धक्क्याचा न्हाई झाला,” ते म्हणाले.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. इजा नाही, भीती नाही, त्रास नाही. मी “एवढंच, साहेब,” म्हणून खाली बसले. केरबामामा पिंजऱ्यातून उतरेनात. माझ्याकडे बघत तसेच उभे राहिले, जणू अजून काहीतरी यायचं आहे. शेवटी शिपाई म्हणाला, “झालं तुमचं, या खाली,” तेव्हा कठडा धरून उतरले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. पद्मिणनं सरकून त्यांना जागा करून दिली. माझ्या ते लक्षात आलं. ज्यानं नवऱ्याला पिंजऱ्यात उभं केलं त्याला ती जागा करून देत होती.

दुसरा साक्षीदार इंजिन ड्रायव्हर व्यंकटय्या. त्यांना मराठी येत नव्हतं, ते हिंदीत बोलले. मोकळा, मोठ्या आवाजाचा माणूस. काबरांना त्यांच्याकडून फक्त गाडी थांबवावी लागली एवढंच काढून घ्यायचं होतं, पण व्यंकटय्यांना सगळं सांगायचं होतं.

“मोड के पास आया तो गेटमैन लाल झंडा लेके खड़ा. मैं ब्रेक मारा. फिर सामने देखा तो गेट बंद! मैं फायरमैन को बोला, अरे, गेट बंद है तो झंडा लाल काहे को?”

काबरांची लेखणी थांबली. “म्हणजे, गेट तेव्हा उघडं होतं,” ते म्हणाले.

“नहीं साहब. बंद. मैं तीस साल से इंजन चलाता. बंद गेट और खुला गेट मेरे को मालूम है. गाडी पूरा खड़ा हुआ, उसके बाद गेट खुला. वो जवान आदमी खोला,” त्यांनी लिंबाजीकडे बोट दाखवलं, “बैलगाडी निकल गया.”

मी उभी राहिले. काय विचारणार हे मला ठाऊक नव्हतं, पण बसवेना.

“फिर गेट किसने बंद किया?”

“वही आदमी. बैलगाडी उधर आगे भाग रहा, और ये पीछे रुक के दोनों बाजू का गेट लगाया, ताला डाला, खींच के देखा. फिर गेटमैन की तरफ हाथ जोड़ा, ऐसा. फिर बैलगाडी के पीछे दौड़ा. फिर गेटमैन मेरे को हरा झंडा दिया. सब मिला के दो-तीन मिनट का काम.”

व्यंकटय्यांनी हात जोडून दाखवले ते तसेच थोडा वेळ हवेत राहिले.

मी लिंबाजीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो मान हलवत होता, अगदी थोडी, फक्त मला दिसेल इतकी. नाही, नाही.

दांडगाई करून किल्ली पळवणारा माणूस, बायको रक्तबंबाळ होऊन पुढे चाललेली असताना, कुलूप ओढून बघायला थांबत नाही. आणि ज्याला ढकलून फाटक उघडलं जातंय तो फाटकवाला, फाटक अजून बंद असताना, वळणापर्यंत पोहोचलेला नसतो. त्या दुपारी तिथे जे काही घडलं ते दोघांनी मिळून, ठरवून, नीट घडवलं होतं. केरबामामांना पुन्हा पिंजऱ्यात बोलावून मी एकच प्रश्न विचारला असता तर काबरांचा खटला तिथंच कोसळला असता. आणि त्याच्याबरोबर केरबामामांची नोकरी, रुळालगतची खोली आणि पेन्शनही.

“बाई,” उपासनी साहेब म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण त्यांनी शब्द सावकाश उच्चारले. “आधीच्या साक्षीदाराला पुन्हा बोलवायचं आहे का? तुमचा अर्ज असेल तर मी परवानगी देईन. विचार करून सांगा.”

मागच्या बाकावर केरबामामा उभे राहिले होते. कुणी बोलावलं नव्हतं. नुसते उभे.

माझा अशील मान हलवत होता. माझं काम त्याला सोडवणं होतं, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध सोडवणं हे माझ्या कामात बसतं का, हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलेलं नव्हतं. तीन शब्द हातात होते. ते पुरतील की नाही, कुणी सांगावं. पुरले नाहीत तर तो आत जाणार होता.

“नाही, साहेब,” मी म्हणाले. “गरज नाही.”

साहेबांनी चष्मा खाली ओढला आणि लिहायला घेतलं. केरबामामा हळूच खाली बसले.

युक्तिवाद दुसऱ्या दिवशी झाला. काबरांचं म्हणणं सोपं होतं. धक्का साक्षीदारानं सांगितलेला, आरोपीनं पहिल्याच दिवशी मान्य केलेला. अशांना सोडलं तर उद्या प्रत्येक फाटकावर मारामाऱ्या होतील, आणि गाडीखाली माणसं जातील. त्यात तथ्य नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. मी माझे तीन शब्द मांडले. आणि चौथी गोष्ट ड्रायव्हरच्या साक्षीतून घेतली. धक्क्यामुळे केरबा सूर्यतळ आपलं कर्तव्य करायचे थांबले का? उलट ते धावत गेले, गाडी थांबवली, हिरवा झेंडा दाखवून पुढे काढली. कर्तव्य रोखलं गेलंच नाही. बाकी त्या साक्षीत जे होतं त्याला मी हात लावला नाही.

निकालाच्या दिवशी साहेबांनी नऊ पानं वाचली. बलप्रयोग कशाला म्हणतात, तो फौजदारीपात्र कधी होतो, लोकसेवकाचं कर्तव्य कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, सगळं. धक्का सिद्ध झाला आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. पण त्यामागे इजेचा, भीतीचा किंवा त्रासाचा हेतू नव्हता, आणि किल्ली त्या धक्क्यानं मिळवली असा एकही शब्द साक्षीत आलेला नाही. नुसता कामात अडथळा आणल्याचा गुन्हा वेगळा आहे, पण तो चालवायला त्या नोकरानं किंवा त्याच्या वरिष्ठानं थेट कोर्टाकडे लेखी तक्रार करावी लागते. पोलिसांतली फिर्याद त्याला चालत नाही, आणि तशी तक्रार इथे आलेली नव्हती. फाटक उघडल्याबद्दल रेल्वेच्या कायद्याखाली किरकोळ दंड. बाकी निर्दोष.

लिंबाजीनं ओसरीवर माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, मी मागे सरकले. “एस.टी.ची ऑर्डर मिळेल आता,” मी म्हणाले.

“त्या निवडीची मुदत गेली, बाई. गेल्याच महिन्यात,” तो म्हणाला. “राहू द्या. कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळतंय.”

पद्मिणच्या कडेवर पोर झोपली होती. ती माझ्याकडे बघून हसली, आणि तिघं एस.टी. स्टँडकडे निघून गेली.

एवढ्यावर ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मला चैन पडेना. पुढच्या रविवारी सकाळी मी बोरगव्हाणच्या एस.टी.त बसले.

केरबामामा आता हयात नाहीत. निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं ते पेन्शन खाऊन सुखानं जगले. म्हणून आज हे सांगायला हरकत नाही.

फाटकापाशी उतरले तेव्हा ते खोलीच्या दारात बाजेवर बसून कंदिलाची काच पुसत होते. मला पाहून उठले. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

“या, बाई. मला वाटलंच व्हतं, येताल म्हणून.”

“मामा, मी कोर्टातून आलेली नाही. मला कुणाला काही सांगायचं नाही. मला फक्त कळत नाहीये म्हणून आले.”

त्यांनी बाज मोकळी करून दिली आणि स्वतः खाली, उंबऱ्यावर बसले.

“किल्ली म्याच दिली त्याच्या हातात,” ते म्हणाले. “बैलगाडीत पद्मिण इवळत व्हती. आधी इवळत व्हती, मग गप झाली. इवळत व्हती तवर म्या फाटक उघडलं न्हाई, बाई. गप झाली तवा माझं काळीज हललं. स्टेशनला फोन फिरवला तर कुणी उचलंना. गाडी कवाबी वळणावर येणार. म्या झेंडा घेतला, लिंबाजीला म्हणलं, म्या वळणाला जातो. गाडी उभी राह्यल्याबिगर कुलपाला हात लावू नको. अन् गेल्यावर फाटक लावल्याबिगर जाऊ नको. त्यानं तसंच केलं. बायको मराया लागलेली, तरी बी तसंच केलं.”

“मग धक्का?”

“सांगतो.” त्यांनी काच बाजूला ठेवली. “ड्रायव्हरनं वर कळवलं. चौकशी येणार हे ठरल्यालं. आपल्या हातानं फाटक उघडाया दिलं म्हणल्यावर नोकरी गेलीच. दिवस मावळायच्या आधी लिंबाजी दवाखान्यातून परत आला. बायको वाचली, पोरगी झाली, येवढं सांगाया आला व्हता. माझं तोंड बघितलं अन् म्हणला, काय झालं? म्या सांगितलं. तर लगीच म्हणला, मामा, माझं नाव सांगा. म्या तुमाला ढकललं अन् किल्ली घेतली म्हणा.”

“आणि तुम्ही हो म्हणालात?”

“न्हाई म्हणलो. म्या म्हणलं, बाबा, साहेबापुढं येळ मारून नेईन, पर कोर्टात शपथ घालत्यात. शपथेवर खोटं माझ्या तोंडातून न्हाई निघायचं, पाय लटपटत्यात माझे. त्यानं फाटकाच्या खांबाकडं बघितलं. मग म्हणला, तर मग खोटं बोलू नका. उठा.”

केरबामामा स्वतःच उठून उभे राहिले, त्या संध्याकाळी उभे राहिले असतील तसे, फाटकाच्या खांबाकडे पाठ करून.

“म्या उठलो. तो समोर आला. म्हणला, मामा, देऊ का धक्का? म्या म्हणलं, दे. त्यानं दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठिवले अन् येवढंसं ढकललं. पाळण्याला झोका देत्यात ना, तितकंच. मग म्हणला, दिला का न्हाई? म्या म्हणलं, दिला. मग दोघंबी इथंच खाली बसलो अन् रडलो, बाई. कुणी बघितलं असतं तर म्हणलं असतं, ह्यांचं माणूस गेलं.”

नऊ पानांचा निकाल मला आठवत होता. धक्का सिद्ध झाला आहे. तो खरंच झाला होता. फाटक उघडून, पुन्हा लागून, गाडी कुठल्या कुठे निघून गेल्यावर झाला होता.

“मी बसले तेव्हा तुम्ही पिंजऱ्यातून उतरत नव्हतात,” मी म्हणाले.

“वाट बघत व्हतो.”

“कशाची?”

“तुमी समदं इचारलं. लागलं का, भ्यालाव का, राग आला व्हता का. एक न्हाई इचारलं, की तुमी व्हय म्हणला व्हता का.” ते पुन्हा उंबऱ्यावर बसले. “इचारलं असतं तर सांगणार व्हतो. मनाची तयारी करून आलो व्हतो. बायकोला बी सांगून आलो व्हतो, की आज नोकरी जाईल. त्याची ऑर्डर आडकली हाय हे मला कळलं व्हतं. तुमी इचारलं न्हाई, अन् आपणहून बोलाया माझी जीभ उचलली न्हाई. त्याची नोकरी गेली. माझी राह्यली.”

“तो काय म्हणतो?”

“तो काय म्हणणार? परवा पोरीला घिऊन आला व्हता. इथं बाजेवर तिला बसवली अन् म्हणला, मामा, ही बघा तुमची पॅसेंजर.”

आत खोलीत फोन खणखणला. केरबामामांनी जाऊन उचलला, कान देऊन ऐकलं, फाटक लावतो ह्याची खूण म्हणून स्टेशनला द्यायचा आकडा म्हणून दाखवला आणि बाहेर येऊन दोन्ही बाजूंची फाटकं ओढून घेतली. कुलूप घातलं, ओढून पाहिलं. झेंडे काखेत घेतले.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूला माझी परतीची एस.टी. येऊन वळली. दुपारपर्यंत तालुक्याला जाणारी ती एकच गाडी होती. कंडक्टर दारात उभा राहून घंटेची दोरी चाचपत होता. रूळ दोन्ही बाजूंना लांबवर मोकळे पडले होते, वळणापर्यंत धुराचा पत्ता नव्हता.

“मामा, एवढी दहा पावलं जाऊ द्या ना मला. माझी गाडी निघाली.”

“न्हाई, बाई,” केरबामामा वळणाकडे बघत म्हणाले. “थांबा. गाडी यिऊ द्या.”

एस.टी.नं दोन घंटा दिल्या आणि ती धुरळा उडवत निघून गेली. मी फाटकाच्या अलीकडे, त्यांच्या शेजारी, पॅसेंजरची वाट बघत उभी राहिले.